ठोका चुकू नये म्हणून : ईसीजी कॉम्प्रेशनच्या प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

कामाची व्याप्ती आज कागदावर आली. ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत हालचालीचा आलेख, टिपणारा छातीला चिकटवायचा छोटा रेकॉर्डर, दोन लीड (दोन वेगळ्या दिशांनी घेतलेले सिग्नल), प्रत्येक लीडचे सेकंदाला २५० सॅम्पल (त्या-त्या क्षणी मोजलेली किंमत), एका सॅम्पलला १६ बिट. म्हणजे सेकंदाला ८,००० बिट, दिवसाला ८६.४ मेगाबाइट आणि पट्टी सात दिवस अंगावर राहिली तर सुमारे ६०५ मेगाबाइट. मेमरी चिपला हे काहीच नाही, अडचण रेडिओची आहे. एक बिट हवेतून पाठवायला जेवढी ऊर्जा जाते, तेवढ्यात मायक्रोकंट्रोलर त्याच बिटावर बरीच आकडेमोड करून मोकळा होतो. त्यामुळे डेटा आधी आवळायचा (कॉम्प्रेस करायचा) आणि मग पाठवायचा. बॅटरी पूर्ण आठवडा पुरणार की मध्येच दम सोडणार, हे बऱ्याच अंशी या कामावर ठरेल.

दुसरी बाजूही पहिल्याच दिवशी लिहून ठेवते. ज्या माणसाला आठवडाभर रेकॉर्डर लावतात, त्याचा दहा सेकंदांचा साधा ईसीजी बहुतेक वेळा ठीकच आलेला असतो. त्याला अधूनमधून घेरी येते, छातीत धडधडतं, आणि तपासणीला पोचेपर्यंत सगळं शांत झालेलं असतं. मिनिटाला ७० धरले तरी आठवड्याचे सात लाख ठोके होतात. त्यातले मोजके ठोके पकडण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. आवळताना नेमके तेच बिघडले, तर उरलेले लाखो ठोके कितीही हुबेहूब असोत, त्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही.

१३ जानेवारी

चाचणीसाठी एमआयटी-बीआयएच ॲरिथमिया (हृदयाच्या लयीतला बिघाड) डेटाबेस उतरवून घेतला. बॉस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत १९७५ ते १९७९ या काळात अभ्यासलेल्या ४७ जणांच्या ४८ नोंदी, प्रत्येकी अर्ध्या तासाची, दोन चॅनेलची. प्रत्येक नोंद किमान दोन हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे पाहिली, जिथे मतं जुळली नाहीत तिथे चर्चा करून निर्णय घेतला, आणि अशा सुमारे १,१०,००० खुणा ठोक्यांवर बसल्या. इतक्या कष्टाने तयार केलेला डेटा जगभर कोणालाही वापरायला मोकळा आहे. या क्षेत्रातल्या कित्येकांचं काम त्यावरच उभं राहिलं.

४८ पैकी २३ नोंदी हजारो रेकॉर्डिंगमधून सरसकट, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढाव्यात तशा, उचललेल्या आहेत. उरलेल्या २५ मुद्दाम निवडल्या, कारण क्वचित दिसणारे पण धोक्याचे प्रकार सरसकट निवडीत येतीलच असं नाही. आमचे निकालही या दोन गटांचे वेगवेगळे लिहायचे. सगळ्याची मिळून एक सरासरी काढली की दुसरा गट पहिल्यात विरघळून जातो.

मोजमाप : सेकंदाला ३६० सॅम्पल, ११ बिट, १० मिलिव्होल्टचा पल्ला. एका मिलिव्होल्टला २०० पायऱ्या, म्हणजे एक पायरी ५ मायक्रोव्होल्टची. शून्य व्होल्टची जागा १०२४ या आकड्यावर.

दोन गोष्टी आजच ठरवल्या. पहिली, हा डेटा २५० सॅम्पलवर आणून लॉसलेसची, म्हणजे काहीही न गमावता आवळण्याची, चाचणी घ्यायची नाही. वेग बदलताना मधल्या किमती गणिताने भराव्या लागतात, त्यात नॉइज (सिग्नलमधली नकोशी खरखर) गुळगुळीत होतो आणि आवळणं खऱ्यापेक्षा सोपं दिसतं. दुसरी, 'इतके पट' ही भाषाच वापरायची नाही. सॅम्पलला ४ बिट लागले, तर १६ बिटांच्या हिशोबाने ते चौपट, १२ च्या हिशोबाने तिप्पट आणि ११ च्या हिशोबाने पावणेतीनपट. या डेटाबेसच्या फाइलीत दोन सॅम्पल तीन बाइटमध्ये आधीच कोंबलेले आहेत, म्हणजे तुलना कशाशी करायची हाच प्रश्न. त्यापेक्षा सरळ 'सॅम्पलला किती बिट' एवढंच लिहायचं. त्यात कोणाची फसगत होत नाही.

१७ जानेवारी

पहिला एन्कोडर, म्हणजे डेटा आवळणारा कोड. पद्धत जुनी आणि भरवशाची : प्रत्येक सॅम्पलमधून आधीचा सॅम्पल वजा करायचा आणि उरलेला फरक राइस कोडने लिहायचा. ईसीजीचा बहुतेक वेळ दोन ठोक्यांमधल्या सपाट भागात जातो, तिथे फरक ०, १, -२ असे छोटेच असतात. छोट्या आकड्यांना कमी बिट आणि मोठ्यांना जास्त, एवढंच तत्त्व.

फरक आधी धन आकड्यांत बदलून घ्यायचे : ० चा ०, -१ चा १, १ चा २, -२ चा ३, २ चा ४, असं पुढे. मग आकड्याला २ च्या एखाद्या घाताने भागायचं. भागाकार जेवढा येईल तेवढे १, मग एक ०, आणि शेवटी बाकी साध्या बिटांत. भाजक ४ असेल तर फरक ३ चा होतो ६, भागाकार १, बाकी २, म्हणून कोड १०१०. चार बिटांत काम झालं. फरक ० असेल तर तीनच बिट.

पण क्यूआरएसच्या (ठोक्यातल्या उंच, टोकदार भागाच्या) चढावर हे गणित उलटं फिरतं. तिथे एका सॅम्पलमध्ये ४० पायऱ्यांची उडी सहज असते. ४० चा होतो ८०, ४ ने भागल्यावर २०, म्हणजे वीस वेळा १, एक ० आणि दोन बिट बाकीचे : एकूण २३. मूळ सॅम्पल ११ बिटांचा होता! तोच आकडा १६ ने भागला तर पाच १, एक ० आणि चार बिट, म्हणजे १० बिटांत बसतो. तेव्हा भाजक जागच्या जागी बदलता आला पाहिजे. ३२ सॅम्पलचा एक गट, प्रत्येक गटाच्या सुरुवातीला भाजकासाठी ४ बिट. आमच्या २५० च्या वेगाने गट १२८ मिलिसेकंदांचा होतो, नेहमीचा क्यूआरएस एक-दोन गटांत मावतो आणि बाकीचे गट स्वस्तात सुटतात. तरीही एखादा फरक हाताबाहेर गेलाच तर राखीव खूण टाकून तो सरळ पूर्ण बिटांत लिहायचा, म्हणजे इलेक्ट्रोड सुटल्यावर येणाऱ्या प्रचंड उडीतही एन्कोडर बेताल होणार नाही.

२२ जानेवारी

आज अंदाजाची पातळी वाढवून पाहिली. आधीच्या दोन सॅम्पलवरून सरळ रेष पुढे ओढायची आणि त्या अंदाजातून चूक किती एवढंच लिहायचं. क्यूआरएसच्या चढ-उतारावर याचा फायदा स्पष्ट दिसतो. सपाट भागात मात्र उलट खर्च वाढला, तोही सगळीकडे सारखा नाही. १०४ क्रमांकाच्या नोंदीत, जिथे स्नायूंचा नॉइज बराच आहे, तिथे जास्तच.

कारण कागदावर चटकन सापडतं. नॉइज प्रत्येक सॅम्पलमध्ये स्वतंत्र असेल तर साध्या फरकात त्याचं व्हेरियन्स (किमती किती पसरल्या याचं माप) दुप्पट होतं. दुसऱ्या पातळीच्या अंदाजात गुणक १, -२, १ असतात, वर्गांची बेरीज ६, म्हणून सहापट. तिसऱ्या पातळीला वीसपट. दुप्पटीवरून सहापटीवर जाणं म्हणजे सॅम्पलमागे जवळजवळ ०.८ बिट फुकट घालवणं. अंदाज जितका 'हुशार', तितका तो नॉइजला फुगवतो.

म्हणून पातळीही गटागणिक निवडायची : शून्य, एक, दोन किंवा तीन. त्याला २ बिट, भाजकाला ४, एकूण ६ बिट ३२ सॅम्पलवर वाटले तर सॅम्पलमागे ०.१९ बिटही होत नाहीत. चारही पातळ्या चालवून सर्वांत स्वस्त ती घ्यायची. मायक्रोकंट्रोलरला यात फक्त बेरीज-वजाबाकी आहे, गुणाकारसुद्धा नाही.

२४ जानेवारी

हार्डवेअर बघणारा सहकारी विचारत होता, "लॉसलेसमध्ये अजून किती खाली जाशील?" उत्तर नॉइज देतो. नॉइजचं प्रमाण विचलन एक पायरी असेल तर त्या नॉइजचीच एन्ट्रॉपी, म्हणजे तो लिहायला लागणारे किमान बिट, सॅम्पलला सुमारे २.०५ बिट होते. विचलन दोन पायऱ्या झालं की ३.०५. नॉइज दुप्पट झाला की एक बिट वाढतो. हृदयाचा आकार कितीही नेमका ओळखला तरी याच्या खाली जाता येत नाही, कारण नॉइजचा अंदाज बांधताच येत नाही.

यातून त्याच्यासाठी एक काम निघालं. त्याच्या मनात २४ बिटांचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) आहे. इलेक्ट्रोड आणि ॲम्प्लिफायरचा नॉइज काही मायक्रोव्होल्टचा असताना खालचे बरेच बिट निव्वळ नॉइजचे असणार, आणि तेच आवळायला सगळ्यात महाग पडतात. कुठला बिट ठेवायचा हे एडीसीच्या माहितीपत्रकावरून न ठरवता प्रत्यक्ष त्वचेवर इलेक्ट्रोड लावून मोजलेल्या नॉइजवरून ठरवू. त्याला पटलं.

३१ जानेवारी

आता लॉसी, म्हणजे थोडं गमावून आवळणाऱ्या, पद्धती. गमावायचंच झालं तर काय गमावलं जातं हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना नाकारणंही योग्य नाही.

सुरुवात जुन्यापासून. १९६८ साली सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेरोम कॉक्स आणि सहकाऱ्यांनी ॲझ्टेक पद्धत मांडली. सिग्नल ठरावीक पट्ट्यात राहतोय तोवर एक आडवी रेष, बाहेर गेला की उतार. हृदयाची लय संगणकाने जागच्या जागी ओळखावी यासाठी ती होती आणि तेवढ्यासाठी ती छान चालते. पण परत उभा केलेला ईसीजी पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो आणि पी व टी लहरींचा (क्यूआरएसच्या आधीच्या आणि नंतरच्या छोट्या उंचवट्यांचा) गोलावा निघून जातो. दुसरी टर्निंग पॉइंट पद्धत. दर दोन सॅम्पलमधला एक टाकायचा, पण जिथे उताराची दिशा बदलते तो सॅम्पल राखायचा. शिखरं वाचतात, डेटा निम्मा होतो, आणि एन्कोडर काही ओळींत लिहून होतो. मात्र राखलेला सॅम्पल जोडीतला पहिला होता की दुसरा याची नोंद राहत नाही, त्यामुळे वेळ एका सॅम्पलने इकडे-तिकडे होते. २५० च्या वेगाला एक सॅम्पल ४ मिलिसेकंदांचा. दोन ठोक्यांमधल्या अंतराची बारीक चढ-उतार मोजणाऱ्याला तेवढं पुरेसं नडतं.

५ फेब्रुवारी

चूक मोजायची कशी? या विषयात जिथे-तिथे पीआरडी भेटतो : मूळ आणि परत उभ्या केलेल्या सिग्नलमधल्या फरकाच्या वर्गांची बेरीज भागिले मूळ सिग्नलच्या वर्गांची बेरीज, त्याचं वर्गमूळ, टक्क्यांत.

यात एक खाच आहे आणि ती आमच्या चाचणीच्या कोडमध्ये पहिल्या ओळीतच बुजवली. समजा सिग्नलची आरएमएस किंमत (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) बेसलाइनभोवती, म्हणजे शून्याच्या रेषेभोवती, ६० पायऱ्या आहे आणि चुकीची ६. पीआरडी झाला १० टक्के. पण फाइलीतले आकडे जसेच्या तसे घेतले तर प्रत्येक आकड्यात १०२४ मिसळलेले असतात, छेदात ६० ऐवजी सुमारे १०२६ येतात, आणि तीच चूक ०.५८ टक्के दिसू लागते. सिग्नल तोच, बिघाड तोच, आकडा सतरापट गोंडस. म्हणून कोणाचाही पीआरडी वाचताना आधी छेद बघायचा. बेसलाइन वजा केली आहे असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो आकडा आमच्या तक्त्यात घ्यायचा नाही.

१२ फेब्रुवारी

वेव्हलेट, म्हणजे सिग्नलचे वारंवारतेप्रमाणे थर वेगळे करणारं गणित. ९/७ चा बायऑर्थोगोनल, चित्रांसाठीच्या जेपेग २००० मध्ये असतो तोच, पाच पातळ्या. ३६० च्या वेगाला पहिली पातळी ९० ते १८० हर्ट्झ, दुसरी ४५ ते ९०, अशी निम्मी-निम्मी होत पाचवी ५.६ ते ११.२५, आणि खाली उरतो ५.६ हर्ट्झच्या आतला भाग. क्यूआरएसचा बराचसा जोर तिसरी ते पाचवी पातळी मिळून येतो, टी-लहर आणि एसटी भाग (क्यूआरएस आणि टी-लहर यांच्यामधला) खालच्या पट्ट्यात. वरच्या दोन पातळ्यांत बघितलं तर मुख्यतः नॉइज. लहान गुणक (या थरांतले आकडे) शून्य करायचे आणि उरलेले लिहायचे. साध्या, स्वच्छ नोंदींवर निकाल खरोखर देखणा येतो. मूळ रेषेवर परत उभी केलेली रेष ठेवली की वेगळी दिसतच नाही, आणि लॉसलेसच्या मानाने बिट कितीतरी कमी लागतात. या पद्धतीच्या मागे इतके लोक का लागले ते कळतं.

मग १०२ क्रमांकाची नोंद लावली. हा रुग्ण पेसमेकरवर आहे. शस्त्रक्रियेच्या मलमपट्टीमुळे त्याला नेहमीचं लीड लावता आलं नव्हतं, म्हणून इथलं वरचं चॅनेल व्ही-५ हे छातीवरचं लीड आहे. पेसमेकरचा ठोसा अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपासचा असतो, आणि ३६० च्या वेगात दोन सॅम्पलमधलं अंतरच २.८ मिलिसेकंद. त्यामुळे डेटाबेसमध्ये त्याची एखाद-दुसऱ्या सॅम्पलची सावली तेवढी उतरलेली आहे. ती सावली वरच्या पातळ्यांत असते. थ्रेशोल्ड (ज्याच्या खालचे गुणक शून्य करायचे ती मर्यादा) वाढवत नेला तशी ती खुजी होत गेली आणि एका टप्प्यावर नाहीशीच झाली. मागे राहिले रुंद क्यूआरएस, ज्यांच्या आधी काहीच नाही. हा ईसीजी कोणाच्या हातात पडला तर पेसमेकर नीट ठोके देतोय की हृदयाच्या खालच्या कप्प्यातून आपोआप ठोके सुटतायत, हे त्यातून सांगताच येणार नाही.

आकड्यात हे कितपत उमटतं ते कागदावर मांडलं. सेकंदाला एक ठोका, प्रत्येक ठोक्याला एका सॅम्पलमध्ये ६० पायऱ्यांची चूक, बाकी सगळं अचूक. चुकीचा आरएमएस ३.१६, सिग्नलचा ६० धरला तर पीआरडी ५.३ टक्के. पीआरडी २ ते ९ टक्क्यांत असला की गुणवत्ता 'चांगली' समजायची, असा दंडक या विषयात पुष्कळ वापरला जातो.

१४ फेब्रुवारी

आज डॉक्टर मॅडमकडे गेलो. लॅपटॉपवर आळीपाळीने मूळ आणि आवळून परत उभ्या केलेल्या ईसीजीच्या पट्ट्या दाखवल्या, कुठली कुठली हे न सांगता. बहुतेक ठिकाणी त्या म्हणाल्या, दोन्ही चालतील. एका ठिकाणी मात्र थांबल्या. दोन ठोक्यांमध्ये लांब खंड होता.

"या खंडाच्या आधीची टी-लहर मोठी करा," त्या म्हणाल्या. "इथे पाठीवर छोटा उंचवटा दिसतोय का? ही पी-लहर आहे, वेळेआधी आलेली. ती खाली पोचलीच नाही, म्हणून खंड पडला. लांब खंडाचं हे अगदी नेहमीचं कारण, आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी. आता दुसरी पट्टी दाखवा."

दुसऱ्या पट्टीत टी-लहर गुळगुळीत होती.

"इथे मला फक्त खंड दिसतो. मग मी वेगळाच विचार करणार. ठोका तयारच झाला नाही का? वहनात अडथळा आहे का? पेसमेकरची चर्चा सुरू होते." जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही सरासरी चांगली ठेवलीय, ते दिसतंय. पण सरासरी ठोका मला पाठ आहे. मी रेकॉर्डिंग मागवते ते त्याच्यापेक्षा वेगळं काय आहे ते बघायला."

परत येऊन हिशोब केला. उंचवटा १० पायऱ्यांचा, म्हणजे ०.०५ मिलिव्होल्ट, ८० मिलिसेकंद रुंद, एका मिनिटात एकदाच. तो पूर्ण पुसला गेला तरी त्या मिनिटाचा पीआरडी जेमतेम ०.४३ टक्के. पेसमेकरचा ठोसा निदान प्रत्येक ठोक्याला येतो, त्यामुळे आकड्यात काहीतरी उमटतं. हा उंचवटा एकदाच येतो, आणि आकड्याच्या दृष्टीने तो पुसणं 'अतिउत्तम' ठरतं.

झिगेल, कोहेन आणि कॅट्झ यांनी २००० साली डब्ल्यूडीडी नावाचं माप सुचवलं ते याच दुखण्यावर. त्यात प्रत्येक ठोक्याची वैशिष्ट्यं, जसं पी-लहरीची उंची, क्यूआरएसची रुंदी, एसटीची पातळी, मूळ आणि परत उभ्या केलेल्या सिग्नलमध्ये ताडून पाहतात आणि त्यांना महत्त्वाप्रमाणे वजन देतात. पीआरडीपेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. पण टी-लहरीच्या पाठीवर चढलेली पी-लहर आधी यंत्राला सापडायला हवी, आणि ती सापडणंच तर अवघड आहे.

२० फेब्रुवारी

साचा वजा करण्याची पद्धत. एकाच माणसाचे ठोके एकमेकांसारखे असतात, तर एक नमुना ठोका साठवायचा आणि पुढच्या प्रत्येक ठोक्यातून तो वजा करून उरलेलं तेवढं लिहायचं. ईसीजीच्या देवाणघेवाणीसाठीच्या एससीपी-ईसीजी मानकात ही सोय आहे, दुसऱ्या पातळीचे फरक आणि हफमन कोडही (राइससारखाच बिट वाचवणारा कोड) आहेत. दहा सेकंदांच्या शांत ईसीजीला हे शोभतं. ११९ क्रमांकाच्या नोंदीत, जिथे एक नेहमीचा आणि एक खालच्या कप्प्यातून आलेला ठोका असं आलटून-पालटून बराच वेळ चालतं, तिथे दोन साचे ठेवले की काम भागतं. पण २०७ मध्ये जिथे व्हेंट्रिक्युलर फ्लटर (खालच्या कप्प्यांची अतिवेगवान फडफड) सुरू होतं तिथे ठोका कुठे सुरू आणि कुठे संपतो हेच ठरत नाही. तिथे साचा कसला शोधणार? सगळ्यात धोक्याच्या क्षणी जी पद्धत आधार सोडते, तिच्यावर मुख्य रेकॉर्डिंग टाकायला माझं मन धजत नाही.

याच वाचनात टी-लहरीचं अल्टरनन्स पुढे आलं आणि मी त्यात बराच वेळ रमले. काही रुग्णांत टी-लहरीची उंची एकाआड एक ठोक्याला किंचित बदलते, आणि लयीतल्या गंभीर बिघाडाच्या धोक्याशी तिचा संबंध लावला जातो. स्पेक्ट्रल पद्धतीत १२८ ठोके घेऊन ती शोधतात आणि १.९ मायक्रोव्होल्टच्या वर असेल तर दखल घेतात. १.९! आमच्या चाचणीच्या डेटात एक पायरीच ५ मायक्रोव्होल्टची. पायरीपेक्षा लहान गोष्ट सापडते कशी? तर नॉइजमुळे. खरी किंमत दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठेतरी असते, नॉइज तिला कधी वरच्या तर कधी खालच्या पायरीवर ढकलतो, आणि किती वेळा वर, किती वेळा खाली यात त्या मधल्या किमतीची खबर दडलेली असते. शंभरावर ठोके एकत्र केले की ती बाहेर येते.

म्हणजे जो नॉइज आम्ही वेव्हलेटचे गुणक शून्य करून 'साफ' करत होतो, त्याच्याच आधाराने ही खबर टिकून होती. लहान गुणक शून्य केले की चित्र स्वच्छ होतं आणि ती खबर कायमची जाते. असं मोजमाप आमच्या पट्टीवरून करायचं ठरलेलं नाही, त्याच्या चाचणीची शिस्त वेगळी असते. पण आज ज्या मोजमापाची कल्पना नाही ते उद्या कोणीतरी जुन्या रेकॉर्डिंगवर करू पाहील, तेव्हा त्याच्या हाती काय असेल हे आम्ही आज ठरवतोय.

२७ फेब्रुवारी

निर्णयाची बैठक. माझं म्हणणं मांडलं : पट्टीवर आणि साठवणीत लॉसलेसच. लॉसी फक्त फोनच्या पडद्यावरच्या झलकेपुरतं.

सहकाऱ्याचा ओढा कॉम्प्रेस्ड सेन्सिंगकडे होता आणि त्याच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ होतं. २००६ मध्ये कँडेस, रॉम्बर्ग आणि टाओ यांनी, तसंच डोनोहो यांनी याची पायाभरणी केली. पट्टीवर फक्त काही सॅम्पलच्या बेरजा करून पाठवायच्या, डोकेफोडीचं सगळं काम पलीकडच्या संगणकाने करायचं. बॅटरीच्या दृष्टीने आकर्षक आहे, आणि २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी ते ईसीजीवर करूनही दाखवलं. पण पलीकडचा संगणक सिग्नल परत उभा करतो ते 'हा सिग्नल वेव्हलेटच्या मोजक्या गुणकांत मावतो' या गृहीतकावर. गृहीतकात न मावणारा ठोका आला तर तो त्याला मावेल असा करून देतो, आणि मूळ तर कुठेच उरलेला नसतो. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ठीक. पण मग बॅटरीचा हिशोब माझ्याबरोबर बसून कर." करणार आहेच.

लॉसलेसला लागणारे जास्तीचे बिट कुठून भरून काढायचे? पडद्यावरची झलक सोडली तर बाकी डेटा लगोलग पाठवायची गरज नाही. मेमरीत साठवू, फोन जवळ असेल तेव्हा मोठ्या पॅकेटांत एकदम पाठवू. रेडिओ सारखा जागा-झोपी करण्यात जी ऊर्जा जाते ती वाचेल.

४ मार्च

पॅकेट. एका ब्लूटूथ पॅकेटमध्ये आमच्या हाती २४४ बाइट येतात. न आवळता त्यात दोन्ही लीडचे मिळून १२२ सॅम्पल, म्हणजे पाव सेकंदही नाही. १६ बिटांच्या मानाने तीनपट आवळलं तर तेवढ्यात सुमारे ०.७३ सेकंद मावतं. मिनिटाला ८० ठोके असतील तर हा जवळजवळ एक पूर्ण ठोका. आवळल्यामुळे प्रत्येक पॅकेटची किंमत वाढते : एक हरवलं की एक ठोका गेला.

म्हणून प्रत्येक पॅकेट आपल्या पायावर उभं. सुरुवातीला क्रमांक, वेळ, दोन्ही लीडचा पहिला सॅम्पल पूर्ण, शेवटी सीआरसी (पॅकेट बिघडलंय का ते ओळखणारा आकडा). आधीचं पॅकेट आलं नाही तरी हे उलगडता आलं पाहिजे. पोचल्याची पावती येईपर्यंत पट्टीने आपली प्रत पुसायची नाही.

इतकं करूनही खंड पडला तर? डिकोडरमध्ये तिथे शून्य किंवा शेवटची किंमत भरण्याची प्रथा आहे, आणि ती इथे सक्त मना केली. ईसीजीत सपाट रेष म्हणजे थांबलेलं हृदय. न पोचलेला डेटा तसा काढणं म्हणजे रुग्णाच्या नावावर कधी न घडलेली गोष्ट लिहिणं. खंडाची स्वतंत्र खूण फाइलीत राहील, पडद्यावर ती जागा रेषेविना कोरी राहील, आणि ठोक्यांमधलं अंतर मोजणारा कोड ती खूण ओलांडून मोजणार नाही. इलेक्ट्रोड सुटल्याची खूण वेगळी, कारण डॉक्टरांना दोन्हीत फरक कळायला हवा.

१२ मार्च

कुतूहल म्हणून हाच एन्कोडर ईईजीवर (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखावर) चालवला. सीएचबी-एमआयटी डेटाबेस, सेकंदाला २५६ सॅम्पल, १६ बिट, अपस्मार असलेल्या मुलांच्या नोंदी. ईईजीत ठोक्यासारखं परत-परत येणारं काही नसतं, उंचीही काही दशक मायक्रोव्होल्टची, त्यामुळे नॉइजचा वाटा मोठा. शेजारच्या चॅनेलवरून अंदाज बांधला तर मदत होते, कारण जवळच्या जागांवरचे सिग्नल एकमेकांत मिसळलेले असतात. तीच युक्ती आमच्या दोन लीडवर परत आणून पाहणार आहे. बोटावरच्या प्रकाशी नाडीचा सिग्नल इतका गुळगुळीत असतो की त्याला दुसऱ्या-तिसऱ्या पातळीचा अंदाज सहज पुरतो. त्वचेवरून घेतलेला स्नायूंचा ईएमजी मात्र जवळपास नॉइजसारखाच वागतो, तिथे कोणतीच पातळी फारसं काही हाती लागू देत नाही.

१९ मार्च

झलकेसाठीची पद्धत ठरली आणि तिच्यातही वेव्हलेट घेतला नाही. तोच लॉसलेस एन्कोडर, फक्त अंदाजातली चूक तीनच्या पटीत गोल करायची. म्हणजे कुठलाही सॅम्पल मूळपासून एका पायरीपेक्षा जास्त हलत नाही, आणि सॅम्पलमागे सुमारे १.५८ बिटांपर्यंत वाचू शकतात. वेव्हलेट याहून कमी बिटांत बसला असता. पण तिथे हमी सरासरीची आहे आणि इथे प्रत्येक सॅम्पलची. टी-लहरीवरचा तो १० पायऱ्यांचा उंचवटा यात पुसला जाऊच शकत नाही, त्यासाठी चाचणीसुद्धा घ्यावी लागत नाही. झलकेच्या पडद्यावर 'निदानासाठी पूर्ण रेकॉर्डिंग पाहावं' ही ओळ कायम राहील.

बाकी कामं : ११८ आणि ११९ या नोंदींमध्ये मुद्दाम नॉइज मिसळून केलेला नॉइज स्ट्रेस टेस्ट डेटाबेस आहे, नॉइजच्या मानाने सिग्नल २४ डेसिबलपासून उणे ६ पर्यंत. रुग्ण चालतोय, जिना चढतोय, तेव्हा आमचे बिट किती फुगतात आणि मेमरी वेळेआधी भरते का, ते त्यावर पाहायचं. सहकारी प्रत्यक्ष त्वचेवरचा नॉइज मोजून देणार आहे, त्यावर एडीसीचे बिट ठरतील. आणि डॉक्टर मॅडमनी झलकेच्या पट्ट्याही मूळ न दाखवता वाचून बघायचं कबूल केलंय. त्यासाठी सरसकट गटातली एकही नोंद घेत नाहीये, सगळ्या त्या मुद्दाम निवडलेल्या २५ मधल्याच.